फ्राइज सगळीकडे सारख्याच कशा लागतात?

(टेबलावर दोन बटाटे, मिठाच्या पाण्याचं पातेलं)

मंडईत आपण विचारतो, 'तळेगाव की इंदुरी?' फ्राइजचा कारखाना विचारतो, आत पाणी किती आणि साखर किती.

पाण्याचं घरी बघता येतं. 11 वाट्या पाण्यात 1 वाटी मीठ पूर्ण विरघळवायचं. तळाशी मीठ राहिलं तर चाचणी फसली. आता बटाटे त्यात सोडू. हा तरंगला, म्हणजे पाणीदार. रश्श्यात फुटणार नाही, पण तळला की लिबलिबीत. हा बुडाला, पिठूळ. तळायला हाच.

साखर मात्र कढईतच कळते. भाजीचा बटाटा शीतगृहात 2 ते 4 अंशांवर ठेवतात. कोंब येत नाहीत, पण थंडीने स्टार्चची साखर होते. मग तळताना आत शिजायच्या आधी बाहेरून काळपट, चव कडवट. घरच्या काचऱ्या कधीकधी उगाच लाल पडतात ना, त्या यानेच. म्हणून तळणाचा माल 10-12 अंशांवर ठेवतात, आणि कोंब दाबायला औषध मारतात.

मॅकडोनाल्ड्स हे दुकान मुळात काढणाऱ्या मॅकडोनाल्ड बंधूंना हे काहीच करावं लागलं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत त्यांचे बटाटे सावलीत जाळीच्या कप्प्यांत पडलेले असत, वाळवंटी वाऱ्यावर आपोआप मुरत, म्हणजे पाणी उडे आणि साखर उतरे. 1955 मध्ये रे क्रॉकने शिकागोजवळ त्यांच्याच नावाचं दुकान काढलं, कृती तीच, तरी फ्राइज बिघडल्या. बटाटे तळघरात होते, वारा नव्हता! त्याने तिथे मोठा पंखा लावला. साठच्या दशकात गोठवलेल्या फ्राइज आल्या आणि पंख्याचंही काम संपलं.

समाजशास्त्रज्ञ जॉर्ज रिट्झर सगळीकडे सारखंच करण्याच्या या पद्धतीला मॅकडोनाल्डायझेशन म्हणतात: झटपट काम, सगळं मोजून, ठरल्याबरहुकूम, माणसावर यंत्राचा ताबा. लोक हे काउंटरपुरतं समजतात. माझ्या मते खरा ताबा बियाण्यावर आहे. चिप्सचंच बघा. 2019 मध्ये आपल्या नावावर नोंदलेला एफसी-5 हा चिप्सचा बटाटा शेतकऱ्यांनी लावला म्हणून पेप्सिकोने गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे ठोकले. ओरड झाल्यावर मागे घेतले. 2021 मध्ये या वाणाची नोंदणीच रद्द झाली, आणि जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

तुमचे बटाटे फ्रिजमध्ये असतील तर बाहेर काढा. दोन-तीन आठवडे टोपलीत, अंधारात, हवेशीर. साखर बरीचशी उतरते. हिरवा पडला तर मात्र फेकून द्या.