लाकडाआधी डिंक विचारा

(दृश्य: कापलेल्या प्लायची कड, अगदी जवळून.)

ही प्लायची कड. पातळ पातळ थर एकावर एक चिकटवलेले. एकाच्या रेषा आडव्या, तर पुढच्याच्या उभ्या. मधे काळपट तांबूस रेघा दिसतात ना, तो डिंक. पर्यावरणाचा विचार करून इंटिरियरचं सामान निवडायला बसलं की सगळे आधी लाकडाबद्दल विचारतात. आमचं म्हणणं, आधी डिंकाबद्दल विचारा.

एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), पार्टिकल बोर्ड (भुसा-चुऱ्याची फळी) आणि बरीचशी स्वस्त प्लाय युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या डिंकानं जोडलेली असते. नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात, त्याचं एक कारण या डिंकातून सुटणारा फॉर्माल्डिहाइड वायू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. वास गेला म्हणजे वायू संपला, असं नाही. तो महिनोन्‌महिने झिरपत राहतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की अधिकच सुटतो, कारण ओलाव्यानं हा डिंक हळूहळू विघटित होतो.

दुसरा प्रकार फिनॉल-फॉर्माल्डिहाइडच्या डिंकाचा. त्याची जोडणी पाण्याला दाद देत नाही आणि त्यातून वायूही खूप कमी सुटतो. ही काळपट रेघ त्याचीच. युरियाचा डिंक फिकट असतो. पण डिंकात रंग मिसळता येतो, तेव्हा नुसत्या रंगावर भरवसा नको. उत्सर्जनाचा दाखला मागा. ई-वन या युरोपीय उत्सर्जन वर्गाची मर्यादा आहे हवेच्या दहा लाख भागांत फॉर्माल्डिहाइडचा 0.1 भाग.

(दृश्य: भिंतीपासून ओढून पुढे आणलेलं कपाट, मागची बाजू.)

आता हे बघा. पुढून चकचकीत लॅमिनेट, आणि भिंतीकडची बाजू उघडी बोडकी. वायरसाठी पाडलेलं भोकही तसंच सोडलेलं. हवेत वायू इथून सुटतो, ओल इथून शिरते. जी बाजू कुणाला दिसणार नाही, तीही बंद करून घ्या. सगळ्या कामातला हा सर्वांत सोपा भाग, आणि नेमका हाच सुटतो.

बांबूचं कौतुक रास्त आहे. ते गवत, तीन ते पाच वर्षांत तोडणीला येतं. पण बांबूचा बोर्ड म्हणजे चिकटवलेल्या पट्ट्याच. डिंकाचा प्रश्न तिथेही विचारायचा. एफएससी प्रमाणित, म्हणजे जबाबदारीनं सांभाळलेल्या जंगलातलं लाकूड घेत असाल, तर दुकानातल्या नमुन्यावरचा शिक्का पुरेसा नाही. तो उल्लेख तुमच्या बिलावर हवा.

(दृश्य: लाकडावर फिरणारा पॉलिशचा बोळा.)

फिनिश निवडताना एक प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो: ओरखडा पडला तर काय करणार? पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर कडक, टिकाऊ. पण त्यावरचा खोल ओरखडा तेवढ्यापुरता बुजवणं अवघड. बहुतेकदा अख्खा पृष्ठभाग घासावा लागतो. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून नवा हात जुन्या थरात मिसळून जातो. जिथे बिघडलं तिथेच दुरुस्ती. मात्र गरम भांडं किंवा पाणी पडलं की त्यावर पांढरे डाग उमटतात. टेबलाला ते देऊ नका. तिथे पाण्यात मिसळलेला पीयू बरा, त्यातून सॉल्व्हंटच्या वाफा कमी निघतात.

जवसाचं तेलही छान. पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे डोक्यातून काढून टाका. हे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं. तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. काम झालं की फडकी उघड्यावर, एकेक पसरून वाळवा.

भिंतींसाठी चुना. सिमेंटला सुमारे 1450 अंश सेल्सिअस तापमान लागतं, चुनखडी 900 च्या आसपास भाजली जाते. गिलावा घट्ट होताना, भाजताना दगडातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बराचसा परत शोषतो. भट्टीच्या जळणातून निघालेला मात्र असा परत शोषला जात नाही, हेही सांगायला हवं. चुन्याच्या भिंतीतून बाष्प आरपार जातं. त्यावर प्लास्टिक पेंट दिला की तो गुण गेलाच.

जमिनीला पीव्हीसीच्या प्लास्टिक आच्छादनाऐवजी लिनोलियम चालेल: जवसाचं तेल, लाकडाचा भुसा, बुचाची भुकटी, मागे ताग. बुचाचं झाड तोडावं लागत नाही, दर नऊ वर्षांनी त्याची साल काढतात.

(दृश्य: स्क्रू काढून उतरवलेलं जुनं दार.)

नवं घेण्याआधी आहे ते वापरता येतं का, बघा. स्क्रूनं जोडलेलं दार अख्खं निघतं. चिकटवलेलं फुटून निघतं. म्हणून सुताराला आधीच सांगा, शक्य तिथे स्क्रू. जुन्या दारावरचा रंग घासण्याआधी मात्र त्यात शिसं आहे का, तपासून घ्या. असेल तर कोरडं घासू नका, ती धूळ विषारी असते. असा रंग काढायचं काम माहीतगाराकडे द्या, आणि ते चालू असेपर्यंत लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.