शिक्षणाचा मोठा साहेब येतो कुठून?

श्रोतेहो, नमस्कार. विषय ऐकून लगेच स्टेशन बदलू नका हां, वरून कोरडा वाटतो पण आत भांडणं भरपूर आहेत. अमेरिकेत एखाद्या राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांचा जो सर्वात मोठा अधिकारी असतो, तो त्या खुर्चीवर येतो कसा? आपल्याकडे एका आयएएस साहेबांच्या बदलीची ऑर्डर निघते, दुसरे साहेब चार्ज घेतात, विषय संपला. तिकडे तसं नाही. त्यांच्या देशाच्या घटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, त्यामुळे शाळा हा राज्यांचा मामला, आणि प्रत्येक राज्याने आपापली रीत लावून घेतलीय. नावंसुद्धा एक नाही, कुठे सुपरिंटेंडेंट, कुठे कमिशनर, कुठे सेक्रेटरी.

पण वाटा मुख्य तीनच. एक, लोक थेट मतदान करून निवडतात. दोन, राज्याचा गव्हर्नर नेमतो, म्हणजे आपल्या राज्यपालासारखा नव्हे, लोकांनी निवडलेला राज्याचा प्रमुख. तीन, शिक्षण बोर्ड नेमतं. लोक, गव्हर्नर, बोर्ड, एवढं डोक्यात ठेवा.

लोकांनी निवडायची पद्धत आता डझनभर राज्यांत उरलीय, कॅलिफोर्निया, जॉर्जिया, विस्कॉन्सिन वगैरे. टेक्सासमध्ये गव्हर्नर नेमतो आणि सिनेट मान्यता देतं. न्यूयॉर्कमध्ये विधिमंडळ आधी रीजंट्स, म्हणजे तिथल्या शिक्षण बोर्डाचे मेंबर, निवडतं आणि मग ते रीजंट्स कमिशनर नेमतात, म्हणजे मतदार आणि साहेब यांच्यात दोन जिने. फ्लोरिडात पूर्वी निवडणूक व्हायची, 2003 पासून बोर्ड नेमतं, आणि ते बोर्ड नेमतो गव्हर्नर, आता बोला.

बरं, आता मला जो किस्सा सांगायचाय तो सांगतो, खरं तर त्याच्यासाठीच हा विषय घेतलाय. इंडियाना राज्य, साल 2012. तिथे तेव्हा सुपरिंटेंडेंट लोक निवडायचे. खुर्चीवर टोनी बेनेट, रिपब्लिकन, देशभर नाव झालेलं, शाळांना ए बी सी डी अशा ग्रेड द्यायच्या, शिक्षकांचं मूल्यमापन कडक करायचं, असा सगळा धडाका, आणि प्रचाराला पैसाही रग्गड. समोर कोण, तर ग्लेंडा रिट्झ, एका प्राथमिक शाळेच्या लायब्ररियन बाई! पैसा कमी, पण शिक्षक चिडलेले होते, ते फेसबुकवरून, ओळखीपाळखीतून प्रचार करत सुटले आणि बाई निवडून आल्या की हो. (जाता जाता सांगतो, शाळेतल्या लायब्ररियनला कोणी कधी हलक्यात घेऊ नये, कुठला पोरगा काय वाचतो आणि कुठला नुसता पंख्याखाली बसायला येतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि शाळा पैसे वाचवायला निघाली की पहिली गदा त्यांच्यावरच येते, हे मला अजिबात पटत नाही.)

हां, तर मजा अशी की त्याच रात्री माइक पेन्स गव्हर्नर म्हणून निवडून आले, तेच जे पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले, आणि बाईंना पडलेली मतं पेन्सना पडलेल्या मतांपेक्षा जास्त! आता बघा गंमत. बाई डेमोक्रॅट, गव्हर्नर रिपब्लिकन, शिक्षण बोर्डाचे मेंबर गव्हर्नरने नेमलेले आणि त्याच बोर्डाच्या अध्यक्ष कोण, तर सुपरिंटेंडेंट म्हणून याच बाई. बाईंच्या पाठीशी मतदार, बोर्डाच्या पाठीशी गव्हर्नर, मग माघार घेणार कोण? 2013 मध्ये पेन्सनी शिक्षणासाठी आपलं एक वेगळंच कार्यालय काढलं, बाई आपल्याच बोर्डाविरुद्ध कोर्टात गेल्या, तिथे काही टिकलं नाही, आणि नोव्हेंबरात तर भर मीटिंगमधून अध्यक्षच उठून चालत्या झाल्या. 2015 मध्ये कायदाच केला की पुढे अध्यक्ष कोण ते बोर्ड ठरवेल.

आणि बेनेट? हरल्यावर महिन्याभरात फ्लोरिडाच्या बोर्डाने त्यांना तिथला कमिशनर नेमलं! म्हणजे एका राज्याच्या मतदारांनी घरी बसवलेला माणूस दुसऱ्या राज्यात त्याच कामाला, कारण तिकडे मतदाराला कोणी विचारतच नाही. तेही वर्षभर टिकलं नाही म्हणा. इंडियानात असताना एका चार्टर स्कूलची, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या शाळेची, ग्रेड वाढवून दिली अशी बातमी आली, आपण काही गैर केलं नाही असं त्यांचं म्हणणं, पण ऑगस्ट 2013 मध्ये राजीनामा दिला.

वेळ कमी उरलाय, म्हणून परत एकदा, वाटा तीन, लोक, गव्हर्नर, बोर्ड. बाजू कुणाची घ्यायची? नेमणुकीवाले म्हणतात, गव्हर्नर आणि शिक्षणाचा साहेब एका दिशेने चालले तर कामं होतात, शिवाय फोडायला एकच खापर आणि एकच डोकं. निवडणूकवाले म्हणतात, मग गव्हर्नरचं चुकलं तर त्याला तोंडावर सांगणार कोण? मला विचाराल तर मी दुसऱ्या बाजूचा. भांडण झालं तर होऊ दे, निदान ते लोकांच्या कानावर तरी पडतं, बंद केबिनमध्ये ठरलेलं कोणाला कळतंय!

इंडियानाने मात्र उलटी वाट धरली. 2016 मध्ये रिट्झबाई हरल्या, रिपब्लिकन जेनिफर मॅकॉर्मिक आल्या, आता गव्हर्नर आणि सुपरिंटेंडेंट एकाच पक्षाचे, तरी खटके उडालेच, आणि 2018 मध्ये मॅकॉर्मिकबाईंनी सांगून टाकलं की मी पुन्हा उभी राहणार नाही. निवडणूक बंद करायचा कायदा तोवर झालेलाच होता, तो 2025 पासून लागू होणार होता, तो लगेच अलीकडे ओढून 2021 वर आणला. गव्हर्नर होलकॉम्ब यांनी आपल्याच शिक्षण सल्लागार केटी जेनर यांना पहिल्या सेक्रेटरी म्हणून नेमलं, जानेवारी 2021 मध्ये त्यांनी चार्ज घेतला. आणि मॅकॉर्मिकबाई, म्हणजे लोकांनी निवडलेल्या शेवटच्या सुपरिंटेंडेंट, त्यांनी पुढे पक्ष बदलला आणि 2024 मध्ये डेमोक्रॅट म्हणून उभ्या राहिल्या थेट गव्हर्नरपदाला, जिथून आता ही नेमणूक होते. हरल्या. चला, निर्माते काचेपलीकडून हात दाखवतायत, नमस्कार.