मशीन बूट होत नाही तेव्हा आधी कीबोर्डवरचा हात काढा

लिनक्स मशीनची काळी स्क्रीन, चार-पाच ओळी, खाली कंसात इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीची छोटी तात्पुरती सिस्टिम, असं लिहिलेलं आणि पुढे कर्सर लुकलुकतोय. वरच्या ओळीत मशीन सांगतंय की फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या व्यवस्थेत, गडबड आहे, एफएससीके ही तपासून दुरुस्त करणारी कमांड हाताने चालवा. किती जणांनी बघितलंय हे? बरेच हात वर आहेत. आणि त्यातल्या किती जणांनी लगेच एफएससीके मारून वर सगळ्याला यस म्हणून टाकलं? तेच हात. मीपण तेच करायचो, म्हणून आज बोलायला उभा आहे.

एका पतसंस्थेचा किस्सा सांगतो, नाव नको. एकच फिजिकल सर्व्हर, म्हणजे होस्ट, त्यावर केव्हीएम, म्हणजे एका मशीनमध्ये अनेक मशीन चालवायची लिनक्समधली सोय, आणि त्यात चार व्हर्च्युअल मशीन. डिस्क १ टीबीची आणि चारही मशीनना ५००-५०० जीबी कबूल केलेले. आता तुम्ही म्हणाल हे बसतं कसं, तर व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे होस्टवरची एक क्यूकाऊ२ प्रकारची इमेज फाइल, ती सुरुवातीला छोटीच असते, आतलं मशीन जसजसं लिहील तशी फुगत जाते, म्हणून वर्षभर कुणाला काही कळत नाही. आणि आतून फाइल डिलीट केली म्हणून ती फाइल आपोआप बारीक होत नाही बरं का, त्यासाठी मोकळी जागा खाली कळवणारं डिस्कार्ड चालू असावं लागतं आणि आतून एफएसट्रिम ही कमांड चालवावी लागते, आणि ते बहुतेक ठिकाणी केलेलंच नसतं.

तर एका सकाळी अकाउंट्सचं मशीन हँग झालं. तिथल्या मुलाने कन्सोल उघडला, काही हलत नाही, त्याने फोर्स ऑफ केलं, परत चालू केलं, परत अडकलं, परत फोर्स ऑफ. असं तीनदा. चौथ्यांदा ती काळी स्क्रीन आली आणि मग मला फोन.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी गंमत इथेच आहे. पहिल्या वेळी ते मशीन हँग झालंच नव्हतं. खालच्या होस्टची डिस्क १०० टक्के भरली होती, कारण कुणीतरी बॅकअपच्या कॉप्या त्याच पार्टिशनवर टाकत होतं. अशा वेळी केमू, म्हणजे व्हर्च्युअल मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम, काय करतो, आतल्या मशीनला एरर देत नाही, तो त्याला जागच्या जागी थांबवतो. व्हर्श, म्हणजे होस्टवरून ही मशीन हाताळायची कमांड, त्यात व्हर्श लिस्ट केलं की समोर पॉज्ड दिसतं, आणि व्हर्श डॉमब्लकएरर दिलं तर सरळ सांगतो, व्हीडीए, म्हणजे त्या मशीनची पहिली डिस्क, नो स्पेस. होस्टवर दहा-वीस जीबी मोकळे करून व्हर्श रिझ्यूम केलं असतं तर अडकलेलं रायटिंग परत झालं असतं आणि मशीन जिथे थांबलं होतं तिथून पुढे चाललं असतं. ते स्वतःला सांभाळून थांबलेलं होतं, आणि आपण त्याची वीज काढली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की एरर आत दिसली तरी दुखणं आतच आहे असं समजू नका. फ्लॅटमध्ये आपल्या छतातून गळतं पण पाइप वरच्या मजल्यावर फुटलेला असतो, तसं. इथे तीन मजले आहेत: आतली फाइल सिस्टिम, मधली इमेज फाइल, आणि खाली होस्टची खरी डिस्क. तपासायला खालून सुरुवात करायची. होस्टवर डीएफने मोकळी जागा बघा, आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या जागा, संपलेत का तेपण बघा, मग डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, डिस्क वाचण्या-लिहिण्याच्या आयओ एरर आहेत का, स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत, रिअलोकेटेड, म्हणजे खराब होऊन बदललेले, सेक्टर वाढतायत का. खरी डिस्कच मरायला टेकली असेल तर तिच्यावर रिपेअर चालवणं म्हणजे तिचे उरलेले श्वास वापरून टाकणं. तिथे पहिलं काम डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरून वाचेल तेवढं वाचवणाऱ्या टूलने कॉपी काढणं, बाकी सगळं त्या कॉपीवर.

खरं तर डिस्क चांगली असली तरी कॉपी काढाच. मशीन बंद करायचं, इमेज दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायची, आणि मग त्या कॉपीवर इमेज फाइल तपासणारी केमू-इमेज चेक ही कमांड. चालू मशीनच्या इमेजवर रिपेअर कधीही नाही, कधीही म्हणजे कधीही नाही. त्याच्या उत्तरात लीक म्हणाला तर फार घाबरू नका, जागा वाया जातेय, डेटाला धक्का नाही. एरर म्हणाला तर मात्र खुर्ची ओढून बसा.

मग आतला मजला. फाइल सिस्टिम ईएक्सटी४ प्रकारची असेल तर आधी एफएससीके एन लावून, म्हणजे नुसतं बघायचं, लिहायचं नाही. यादी दहा ओळींची आहे की दहा हजार ओळींची यावरून पुढचं ठरतं. सुपरब्लॉकच, म्हणजे फाइल सिस्टिमची मुख्य माहिती असलेला भागच, वाचता येत नसेल तरी हात टेकू नका, ४ केबी ब्लॉकवर पहिली राखीव प्रत ३२७६८ नंबरला असते, एफएससीकेला बी लावून तो आकडा द्यायचा. त्या प्रतींच्या जागा एमकेई२एफएस या फाइल सिस्टिम बनवणाऱ्या कमांडला एन लावून दिसतात, पण तो एन विसरलात तर डिस्क फॉरमॅट होईल, म्हणून हे दमलेल्या डोळ्यांनी रात्री दोनला करू नका. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम असेल तर एक्सएफएस रिपेअर, आणि त्यातला कॅपिटल एल अगदी शेवटी, कारण तो लॉगच, म्हणजे करायच्या बदलांची नोंदच, पुसतो आणि लॉगमधलं न उतरलेलं काम गेलं ते गेलं.

आणि काही वेळा डिस्क ठणठणीत असते हो! बूट होताना ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोड आला तर एफस्टॅब, म्हणजे बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी, उघडा, काढून टाकलेल्या जुन्या डिस्कची ओळ तिथे असते. व्हीएमवेअर या दुसऱ्या सिस्टिमवरून केव्हीएमवर आणलेलं मशीन रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टिम, सापडत नाही म्हणतं, तिथे इनिटरॅमएफएसमध्ये व्हर्टिओचा, म्हणजे केव्हीएमच्या डिस्कचा, ड्रायव्हर नसतो, किंवा कुठेतरी डिस्कचं जुनं नाव एसडीए लिहून ठेवलंय आणि आता ती व्हीडीए झालीय. यावर एफएससीके चालवून काय मिळणार?

तर पतसंस्थेचं. होस्टवर जागा केली, इमेज बाहेरच्या डिस्कवर घेतली, त्यातच दोन तास गेले आणि मॅनेजर दर दहा मिनिटांनी दारात. केमू-इमेजने फक्त लीक दाखवले. एफएससीकेने आधी कॉपीवर, मग मूळ इमेजवर पाच पास पूर्ण केले, लॉस्ट प्लस फाउंडमध्ये, म्हणजे सापडलेल्या बेवारस फाइली ठेवायच्या फोल्डरमध्ये, अकरा फाइली आल्या, बहुतेक लॉगच्या. दुपारी तीनच्या सुमारास लॉगिन आलं. डेटाबेस उठला, मशीन थांबायच्या आधीच्या मिनिटभरातल्या सहा पावत्या मात्र नव्हत्या. काउंटरवरच्या मॅडमनी पावती पुस्तक काढलं आणि स्थळप्रतींवरून त्या सहाही परत भरल्या.