गल्लीत कुठे उभं राहायचं

मघाशी माझी ओळख करून देताना ‘गल्लीबोळांचे छायाचित्रकार’ असा शब्द वापरला गेला. आमच्या आईने तो ऐकला असता तर म्हणाली असती, ‘घरात पाय ठरत नाही, एवढंच सांगा की!’ मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. ठाकुरद्वारचा नाका ओलांडला की भुलेश्वर, मग काळबादेवी, मग पायधुणी. चाळीस वर्षं मी तेवढ्याच टापूत फिरतो आहे. तुमच्यापैकी बरेच जण कॅमेरे घेऊन आले आहेत, म्हणून लेन्सबद्दलही थोडं बोलेन. पण आज खरं बोलायचंय ते कुठे उभं राहायचं याबद्दल. कारण फोटो काढायला जागा लागते, आणि गल्लीत नेमकी तीच नसते.

हे मला एका हातगाडीने शिकवलं. १९८६ साल असेल. लोहार चाळीपाशी मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून वरचा लाकडी सज्जा टिपत होतो. मागून ‘बाजू, बाजू’ अशी हाक आली. मी म्हटलं, एक सेकंद. आता हातगाडीला ब्रेक नसतो. पुढे एक माणूस ओढतो, मागून दुसरा लोटतो, आणि मागच्याला मालापलीकडचं काहीच दिसत नाही. ती एक सेकंद थांबायची तर पुढच्याला सगळा भार छातीवर घ्यावा लागतो. चाक माझ्या पावलावरून गेलं. चूक शंभर टक्के माझी. गाडीवाला शिव्या देत पुढे गेला, आणि एका दुकानदाराने मला आत ओढून पायरीवर बसवलं, पाणी दिलं. त्या पायरीवर मी अर्धा तास बसून होतो. पाय ठणकत होता, आणि समोरून सबंध बाजार वाहत होता. त्या अर्ध्या तासात काढलेले फोटो त्याआधीच्या दोन वर्षांतल्या फोटोंपेक्षा बरे निघाले.

तेव्हापासून मी पायरी शोधतो. दुकानाची पायरी, देवळाचा ओटा, बंद शटरचा कोनाडा, काहीही. मालकाला विचारायचं, ‘काका, पाच मिनिटं उभा राहू का?’ भुलेश्वरात ‘शेठ’ म्हटलं तर अधिक बरं. पाच मिनिटांचा तास होतो, आणि तासाभरात गल्ली तुम्हाला विसरते. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

लेन्सचं लगेच उरकतो. ३५ मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ ८, फोकस तीन मीटरवर ठेवून द्यायचा. फुलफ्रेम, म्हणजे जुन्या रोलच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं, आणि आपल्या बहुतेक गल्ल्यांची रुंदी त्यातच संपते. लांब पल्ल्याची लेन्स घेऊन जाऊ नका. दुरून नेम धरल्यासारखी ती दिसते, आणि नेम धरलेला कुणालाच आवडत नाही.

झवेरी बाजारात तर हे फारच जपावं लागतं. १९९३, २००३ आणि २०११, तिन्ही वेळा तिथे बॉम्बस्फोट झाले. अनोळखी माणूस कोपऱ्यात उभा राहून दुकानांचे, वाटांचे फोटो काढतोय, हे तिथल्या माणसाला कसं दिसत असेल याचा विचार करा. कुणी दरडावून विचारलं, तर ‘सार्वजनिक रस्ता आहे’ वगैरे कायदा शिकवत बसू नका. कॅमेरा खाली करा, काय काढलं ते दाखवा, सांगितलं तर पुसून टाका. भल्या सकाळी तिथे सोनारांच्या पेढ्यांसमोरची धूळ झाडून, धुऊन त्यातले सोन्याचे कण वेचणारी माणसं असतात. अप्रतिम दृश्य असतं, कबूल. मी इतक्या वर्षांत त्यांचा एकही फोटो काढलेला नाही. एकदा विचारलं होतं, त्यांनी नकाराची मान हलवली. विषय संपला.

फूल गल्लीतली एक गोष्ट सांगतो. तिथल्या एका मावशींचा फोटो मी काढला होता. मांडीवर झेंडूचा ढीग, हातात दोरा, वरून पडलेला उन्हाचा एक पट्टा. त्या काळी मी कृष्णधवलशिवाय काही काढत नसे. रंग म्हणजे लग्नाच्या अल्बमवाल्यांचं काम, असला तोरा होता. मोठ्या झोकात प्रिंट करून नेऊन दिली. मावशींनी ती जवळ धरली, लांब धरली आणि म्हणाल्या, ‘हे काय रे? मी काय राख विकते का?’

झेंडू करडा आला होता ना! आजूबाजूच्या बायका हसल्या, मीही हसलो, पण घरी येईपर्यंत हसू उतरलं होतं. पुढच्या आठवड्यात रंगीत रोल घातला. कृष्णधवल वाईट, असं मी म्हणत नाही. तांब्या-पितळेची भांडी त्यात सुरेख येतात. पण जिचा धंदाच रंगाचा, तिचा रंग काढून घेऊन वर त्याला कला म्हणायचं, हे मला पुन्हा जमलं नाही.

आता जरा मागे जातो. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, स्वतः उत्तम फोटो काढायचे. म्हणजे या शहरात मराठी माणसाच्या हातात कॅमेरा येऊन पावणेदोनशे वर्षं व्हायला आली. त्या काळातले रस्त्यांचे फोटो पाहिलेत तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. रस्ते रिकामे दिसतात. मुंबईचे रस्ते, आणि रिकामे! कारण साधं आहे. काच रसायनात भिजवून, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा, आणि लेन्स काही सेकंद उघडी ठेवायची. तेवढ्यात चालणारा माणूस निघून जायचा, काचेवर उमटायचाच नाही. फार तर धुरासारखा एक डाग. उमटायचा तो बसलेला. ओट्यावरचा, दुकानातला, जो हलला नाही तो.

हे कळल्यावर मी मुद्दाम शटर मंद करून पाहिलं, एका सेकंदाचा आठवा भाग. पायरीवर बसायचं, कोपर गुडघ्यावर टेकवायचं, श्वास रोखायचा. गादीवरचा दुकानदार ठसठशीत येतो आणि त्याच्यासमोरून जाणारा हमाल, डोक्यावरच्या गठ्ठ्यासकट, एक पुसट रेघ होतो. फोटो दिसायला झकास. पण मूळजी जेठा मार्केटपाशी एका माथाडीला तो दाखवला, तेव्हा त्याने विचारलं, ‘मी कुठाय यात?’ मी रेघेवर बोट ठेवलं. तो काही बोलला नाही. तेव्हापासून मी दोन्ही काढतो, एक मंद शटरचा आणि एक जलद. भिंतीवर लावताना शेजारी-शेजारी लावतो.

उन्हाचं गणित मात्र तुम्ही शिकाच. आपल्या जुन्या गल्ल्यांत चार-चार मजली घरं आणि मध्ये जेमतेम चार मीटर रस्ता. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. पूर्व-पश्चिम गल्लीत त्याचं ऊन जमिनीला लागतच नाही, उत्तरेकडच्या घरांच्या वरच्या मजल्यांवरच अडकतं. दक्षिणोत्तर रस्त्यात मात्र तेच ऊन दुपारी सरळ रस्त्यातून चालत येतं. म्हणजे हिवाळ्यात आडव्या बोळात वर बघा, उभ्या रस्त्यात खाली. ऊन आणि सावली यांत चार-पाच स्टॉपचा फरक सहज असतो; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. उन्हाप्रमाणे एक्स्पोजर ठेवा आणि सावलीला खुशाल काळं होऊ द्या.

जूनमध्ये सगळा हिशेब बदलतो. दुकानांवर निळ्या ताडपत्र्या चढतात आणि खालची माणसं आजारी असल्यासारखी निळसर दिसायला लागतात. संगणकावर चेहरा सुधारायला गेलात की ट्यूबलाइट पिवळी होते. यावर मला सापडलेला उपाय एकच. ताडपत्री जिथे संपते त्या कडेला माणूस येईपर्यंत थांबायचं.

आणि ही गर्दी, हा अंधार नेहमीच कुणाला मोहक वाटत होता असं समजू नका. १८९६ मध्ये प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांत तो पसरतो असं सरकारने ठरवलं, आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. या ट्रस्टने दाट वस्ती कापून प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला. समुद्रावरचा वारा आत यावा हा त्यातला एक हेतू. प्रिन्सेस स्ट्रीटवर आज संध्याकाळी पश्चिमेचं ऊन तिरपं आत शिरतं आणि औषधांच्या दुकानांच्या काचा पेटतात, तेव्हा आपण कॅमेरा सरसावतो. ते ऊन जिथून येतं तिथे घरं होती. भेंडीबाजारात आज तेच चाललंय. साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे जुन्या इमारती जाऊन तिथे मनोरे येत आहेत. मला तिथे हळहळायचा अधिकार नाही. सामायिक संडासाच्या रांगेत मी स्वतः उभा राहिलो आहे, तिथून सुटण्यातला आनंद मला माहीत आहे. जिने, कठडे, नळाची जागा, हे पडण्याआधी नीट, साधं, सरळ काढून ठेवा, एवढंच सांगेन. कलाकुसर नको.

चोर बाजाराबद्दल प्रश्न येणार म्हणून आधीच सांगतो. मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, तेव्हा रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. जुने कॅमेरे मिळतात, चालतीलच असं नाही. जुने स्टुडिओतले फोटोही मिळतात. कुणाच्या तरी घरातली मुंज, कुणाचं तरी लग्न, मागे शाईने लिहिलेली तारीख. मी एकदा एक विकत घेतला आणि पुढे वर्षभर त्यातली माणसं रस्त्यावर भेटतील अशा वेड्या आशेने बघत होतो.

असो. येत्या १५ मेला मुंबईत सूर्य दुपारी बाराच्या पुढे पस्तीस मिनिटांनी बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली असते, आणि अरुंदातल्या अरुंद बोळातही ऊन थेट फरशीवर पडतं. फार तर दहा मिनिटांचा खेळ असतो. ज्यांना यायचंय त्यांनी साडेअकराला माधवबागेच्या दाराशी भेटा. एका पायरीवर दोघांपेक्षा जास्त जण उभे राहायचे नाहीत. आणि पुढून बंद असलेले बूट घाला, चपला नकोत.