परदेशातलं मेडिकल आणि नागपूरची चिठ्ठी

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं बाहेर आहेत. काही जण लवकरच त्यांच्याकडे चार-सहा महिने राहायला निघालेत, आणि मागच्या रांगांत यंदा शिकायला जाणारी मुलंमुलीही दिसताहेत. म्हणून थेट मुद्द्यावर येते. परदेशात नेहमीचं औषध मिळवताना जो त्रास होतो, त्याचा मोठा भाग इथे नागपुरातच, निघायच्या आधी टाळता येतो. उरलेला टळत नाही. पण तो कुठे आडवा येणार हे आधी ठाऊक असलं, तर ऐनवेळी धांदल होत नाही.

आपल्याकडे औषध कसं मिळतं? मेडिकल चौकात जा, धंतोलीत जा, नाहीतर आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये जा. गोळ्यांचा रिकामा पत्ता पुढे केला की दुकानदार विचारतो, "काकू, नेहमीचीच ना?" पूर्ण पत्ता नको असेल तर कात्रीने चार गोळ्या कापून देतो. चिठ्ठी जुनी असली तरी कोणी अडवत नाही. कायद्यात हे बसत नाही. शेड्यूल एच या यादीतली औषधं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असं औषधांच्या 1945 च्या नियमांत आहे, आणि 2014 पासून शेड्यूल एच-1 या जास्त कडक यादीतल्या औषधांची नोंद दुकानदाराने तीन वर्षं जपून ठेवायची असते. तरी व्यवहार ओळखीवर चालतो. त्यामुळे बीपी, शुगर, थायरॉईडच्या माणसाचा एक दिवसही चुकत नाही. मी या सोयीला नावं ठेवणार नाही, कित्येक म्हाताऱ्या माणसांची तब्येत तिच्यावर टिकून आहे. मात्र तिच्यामुळे आपल्या आजाराचा कागद कधी तयारच होत नाही, आणि तिकडे तर पहिल्या मिनिटापासून कागद मागतात.

इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी अमेरिकेत सहसा चालत नाही. लिहिणाऱ्याकडे तिथला परवाना लागतो. इंग्लंडमध्ये युरोपातल्या बऱ्याच देशांच्या चिठ्ठ्या मान्य आहेत, आपल्या नाहीत. रामदासपेठेतल्या आपल्या डॉक्टरांनी व्हॉट्सअॅपवर चिठ्ठी पाठवली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. त्या चिठ्ठीने सल्ला मिळतो, तिथल्या काउंटरवरून गोळी मिळत नाही. तिथल्या डॉक्टरला दाखवून नवी चिठ्ठी घ्यावीच लागते.

मग इथली चिठ्ठी न्यायचीच कशाला? तर त्या डॉक्टरला वाचता यावी म्हणून. आपली नेहमीची चिठ्ठी डोळ्यांसमोर आणा. वर दवाखान्याचं नाव, खाली घाईत लिहिलेलं 'ग्लायकोमेट जीपी 2', पुढे 1-0-1, मग सही. आजार कोणता, ते लिहिलेलंच नसतं. 1-0-1 जर्मनीत कळेल, तिथेही तसंच लिहितात. अमेरिकेत समजावून सांगावं लागेल. आणि 'ग्लायकोमेट जीपी' हे नाव तिथे कोणाला माहीत असण्याचं कारणच नाही. त्या एका गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी दोन औषधं आहेत. दोन्ही अमेरिकेत सहज मिळतात, पण वेगवेगळ्या गोळ्यांत. हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत, मिलिग्रॅमसकट लिहिलेलं असेल, तर डॉक्टर पाच मिनिटांत तीच औषधं लिहून देतो. नसेल, तर तो तपासण्यांपासून सुरुवात करतो. त्यात त्याचंही चुकत नाही, अनोळखी नावाची गोळी तो कशाच्या भरवशावर देणार? औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, हा नियम मेडिकल कौन्सिलने 2016 सालीच केलाय. तेव्हा डॉक्टरांकडे तसं मागायला संकोचू नका.

काही औषधं मात्र तिथे नसतातच. व्होग्लिबोज, टेनेलिग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या शुगरच्या गोळ्या आपल्या घराघरांत आहेत, अमेरिकेत त्यांना मंजुरी नाही. ग्लिक्लाझाइड इंग्लंड-कॅनडात मिळतं, अमेरिकेत नाही. ज्यांना दीर्घकाळ राहायचंय, त्यांनी निघायच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरांशी बोलून पर्यायी गोळी इथेच सुरू करावी. शुगर वरखाली झाली तर ती आपल्या डॉक्टरच्या नजरेसमोर व्हावी, परक्या गावात नको.

आता अमेरिकेतल्या काउंटरकडे येते, कारण मन:स्ताप खरा तिथे आहे. मी तिथे काही वर्षं राहिले आणि ह्यांच्या दम्याच्या पंपासाठी त्या रांगेत पुष्कळदा उभी राहिले. पहिला प्रश्न असतो नाव आणि जन्मतारीख. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन नावं एकत्र असतात. विम्याच्या कार्डावर एकच छापून येतं, डॉक्टरच्या संगणकात तिसराच क्रम. तारखेत तिकडे महिना आधी लिहितात, म्हणून 7 ऑगस्टचा जन्म 8 जुलैचा होऊन बसतो. संगणकाला असा पेशंट सापडत नाही, आणि पंप मागच्या कपाटात तयार असूनही हातात पडत नाही. हे पहिल्याच भेटीत दुरुस्त करून घ्या. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे एकच स्पेलिंग, आणि महिना अक्षरात.

दुसरा अडथळा विमा कंपनीचा. डॉक्टरने लिहिलं, दुकानात औषध आहे, तरी कंपनी म्हणते आधी आमची मंजुरी घ्या. तिथे याला प्रायर ऑथोरायझेशन म्हणतात. दुकान सांगतं, डॉक्टरला फोन करा. दवाखाना सांगतो, आम्ही कागद कालच पाठवले. कंपनी सांगते, आमच्याकडे आलेच नाहीत. शुक्रवारची संध्याकाळ झाली की सगळे सोमवारवर ढकलतात. वर्ष बदललं की कंपनी ज्या औषधांचे पैसे देते, ती यादीही बदलू शकते, आणि वर्षभर चाललेला पंप जानेवारीत अचानक यादीबाहेर जातो. आमचं तेच झालं. ह्यांची छाती रात्री वाजत होती आणि मी दिवसभर फोनवर ताटकळत होते. या तिघांत एकही माणूस वाईट वागला नाही, प्रत्येकाने आपापलं काम नियमाने केलं. पण रुग्णाचं औषध थांबलंय, ही जबाबदारी त्यातल्या एकाचीही नव्हती. ही त्या व्यवस्थेची मोठी खोट आहे, आणि इतका पैसा असलेल्या देशात ती असावी याचा मला आजही राग येतो.

तिथे नेटाने एक करायचं. औषध संपायच्या दोन आठवडे आधीच पुढचं मागायचं, आणि दर फोनला समोरच्याचं नाव, तारीख लिहून ठेवायची. प्रवासाला निघणार असाल तर 'व्हेकेशन ओव्हरराइड', म्हणजे पुढच्या गोळ्या लवकर घ्यायची सूट मागा, नाहीतर महिना भरत आल्याशिवाय विमा पुढच्या गोळ्यांचे पैसे देत नाही. नकार आला तर फार्मासिस्टला विचारा, याच जातीचं यादीतलं दुसरं औषध कोणतं? त्याला ते ठाऊक असतं. ते नाव डॉक्टरला कळवलं की गाडी बहुतेक वेळा पुढे सरकते.

एक गोष्ट जपून ऐका. आपल्याकडे झोपेसाठी, घबराटीसाठी एटिझोलाम सर्रास लिहिलं जातं. अमेरिकेत या औषधाला कधी मंजुरी नव्हती, आणि 2023 मध्ये ते तात्पुरत्या आदेशाने शेड्यूल वनमध्ये, म्हणजे हेरॉइनच्याच यादीत टाकलं गेलं. इंग्लंडमध्येही 2017 पासून त्यावर नियंत्रण आहे. आईच्या पर्समध्ये तो पत्ता असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोला. ते औषध एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू कमी करावं लागतं, म्हणून वेळ हाताशी हवा. अमिरातीत ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारख्या औषधांसाठी आधी ऑनलाइन परवानगी लागते. नागपूरहून आखातमार्गे पुढे जाणाऱ्यांनी मध्ये मुक्काम असेल तर हे ध्यानात ठेवावं. जपानमध्ये चिठ्ठीची औषधं महिन्याभराच्या वर न्यायची असतील तर आधी दाखला काढावा लागतो.

औषधं संपली की इथून कुरिअरने मागवू, या भरवशावर राहू नका. अमेरिकेत स्वतःपुरतं औषध बाहेरून मागवणंही बहुतांशी बेकायदा आहे, पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. तिकडे राहायला जाताना साधारण 90 दिवसांचं औषध सोबत ठेवण्याची रीत आहे. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र, बिल, आणि गोळ्या मूळ पत्त्यांत हव्यात. कात्रीने कापलेल्या तुकड्यावर नाव आणि मुदत दोन्ही उडालेली असतात, ते तुकडे नेऊ नका. सगळं हातातल्या बॅगेत. इन्सुलिन तर सामानाच्या बॅगेत मुळीच नको, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं.

भेटीला जाणाऱ्या आईवडिलांसाठी जो प्रवास विमा काढला जातो, त्यात जुन्या आजारांची रोजची औषधं सहसा येत नाहीत. म्हणून मुलांना आजच फोन करून सांगा, की आम्ही पोचायच्या आधीच तिथल्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेव. नव्या पेशंटला कधी कधी कित्येक आठवडे थांबावं लागतं.

आता ज्यांनी आपली चिठ्ठी आणली असेल, त्यांनी पुढे यावं. कोणत्या गोळीत काय आहे ते मी मूळ नावासकट लिहून देते. तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, तसंच लिहून मागा.