दोन डबे आणि एक दोर

श्रोतेहो, नमस्कार.

वणीच्या सप्तशृंगी गडावर 2018 साली फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची रेल्वे, सुरू झाली आणि ज्या वृद्धांना पायथ्याच्या पायरीलाच हात टेकून परतावे लागे, त्यांना देवीच्या दारापर्यंत पोचणे शक्य झाले. आपल्याकडे ही सोय भाविकांसाठी आली. युरोपात मात्र तिचा प्रसार झाला तो शहरांतून, रोज टेकडी चढून कामाला जाणाऱ्या माणसांसाठी. फ्रान्समधील लिऑन शहरात 1862 साली अशी पहिली शहरी रेल्वे धावली. आज मी बोलणार आहे ते प्रामुख्याने हंगेरीच्या राजधानीतल्या, बुडापेस्टच्या रेल्वेविषयी.

डॅन्यूब नदीवरचा साखळी पूल ओलांडला की समोर बुडाची टेकडी उभी राहते आणि माथ्यावर राजवाडा. वर कचेऱ्या, खाली वस्ती. ही चढण रोज पायी चढणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून ओडोन सेचेनी या हंगेरियन उमरावाने पुढाकार घेतला आणि 2 मार्च 1870 रोजी वाफेच्या यंत्रावर चालणारी ही गाडी सुरू झाली. मार्ग अवघा 95 मीटरांचा; पण तेवढ्यात ती सुमारे 50 मीटर उंची गाठते.

हा चढ किती, ते नाशिककरांना कसाऱ्याच्या घाटावरून चटकन कळेल. तेथे 37 मीटर अंतराला एक मीटर चढ आहे आणि तेवढ्यासाठीही इगतपुरीपर्यंत गाडीला मागून रेटणारी जादा बँकर इंजिने जोडावी लागतात. बुडापेस्टमध्ये मात्र दर दोन मीटरला जवळजवळ एक मीटर चढ आहे. अशा रुळांवर इंजिन कितीही दमदार असले, तरी त्याची चाके जागच्या जागी फिरत राहतील. म्हणून यंत्र गाडीवर न ठेवता स्थानकात ठेवायचे आणि डबा दोराने ओढायचा, असा हा उपाय आहे.

खरी गंमत पुढेच आहे. आडावरच्या एकाच कप्पीवर दोन पोहरे सोडले, की एक खाली जाताना दुसरा वर येतो. येथे पोहऱ्यांच्या जागी डबे आहेत. उतरणाऱ्या डब्याचे वजन चढणाऱ्याला उचलून धरते, आणि यंत्राला केवळ दोहोंतील प्रवाशांच्या वजनातला फरक आणि घर्षण एवढेच पेलावे लागते. स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर्ग येथे तर 1899 पासून वरच्या डब्याच्या टाकीत शहराचे सांडपाणी भरतात, ते जड झालेले वजन गाडी ओढते आणि खाली पोचल्यावर टाकी रिकामी होते. सांडपाण्याला इतके सन्मानाचे काम क्वचितच मिळाले असेल!

बुडापेस्टला दोन्ही डब्यांसाठी स्वतंत्र रूळ आहेत. जागा अपुरी असेल तेथे एकच रूळमार्ग टाकून, डब्यांना एकमेकांना ओलांडता यावे म्हणून, मध्यावर तो दुभंगतात. त्यासाठी कार्ल रोमान आब्ट या स्विस अभियंत्याने रूळ बदलणारे सांधे न हलवता चालणारी युक्ती काढली. डब्याच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडे कडा ठेवायच्या आणि दुसऱ्या बाजूला रुंद, बिनकडांची चाके लावायची. दुसऱ्या डब्याला नेमके उलटे. मग कडांची चाके आपल्या बाजूच्या रुळाला धरून राहतात आणि प्रत्येक डबा दर खेपेला आपापल्याच बाजूने जातो.

दुसऱ्या महायुद्धात बुडापेस्टची ही गाडी उद्ध्वस्त झाली आणि 4 जून 1986 रोजी विजेच्या मोटरीवर पुन्हा सुरू झाली. डब्यांचा जुना घाट मात्र तसाच ठेवला आहे. त्यांत पायऱ्यांसारखे तीन कप्पे आहेत, त्यामुळे एवढ्या उतारावरही माणूस सरळ बसतो.

परंतु जो दोर दोन्ही डब्यांना तोलतो, तो सुटला तर तोलच उरत नाही. लिस्बनमधील ग्लोरिया ही 1885 सालची अशीच गाडी. 3 सप्टेंबर 2025 रोजी तिचा दोर वरच्या डब्याच्या जोडणीपाशी तुटला, चालकाने ब्रेक लावूनही डबा आवरला नाही आणि 16 जणांचा मृत्यू झाला. त्याच सकाळी नेहमीची पाहणी झाली होती. दोष मात्र अशा ठिकाणी होता, जे भाग सुटे केल्याशिवाय दिसतच नव्हते.