आर. एस. व्ही. पी.
इतवारी, नागपूर. तुळशीचं लग्न लागलं की या गल्लीत लग्नपत्रिकांचे गठ्ठे उतरू लागतात.

ही पत्रिका जवळून पाहा. खाली कोपऱ्यात आर. एस. व्ही. पी. आणि त्याखाली काका, मामा, आत्या धरून चौदा नावं. फोन नंबर एकही नाही.

अक्षरं फ्रेंच आहेत. पूर्ण वाक्य 'रेपोंदे सिल व्हू प्ले'. 'रेपोंदे' म्हणजे उत्तर द्या. 'सिल'मध्ये 'जर' आणि 'ते' जोडले गेलेत, 'व्हू' म्हणजे तुम्हाला, 'प्ले' म्हणजे रुचत असेल. रोजच्या फ्रेंच बोलण्यात 'सिल व्हू प्ले' म्हणजे सरळ 'कृपया'. त्यामुळे 'प्लीज आरएसव्हीपी' लिहिलं की कृपया दोनदा होतं. इंग्रजीने ही अक्षरं तशीच उचलली, पुढे त्यांचं क्रियापदही केलं.

शेजारची पत्रिका हिंदी. तिच्यावर 'उत्तरापेक्षी', म्हणजे उत्तराची वाट पाहणारा. भाषांतर चोख आहे. पण 'दर्शनाभिलाषी', 'स्वागतोत्सुक' यांच्या रांगेत बसून तेही नातेवाइकांच्या यादीचा मथळा झालं. नावं जरूर छापावीत, रुसवे त्यावरूनच होतात. पण त्यांच्यासाठी 'निमंत्रक' आणि 'आपले नम्र' आहेत.

आता छपाई. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणलेली आहे. मंद पिवळ्या उजेडात तिच्यावर प्रकाशाने घट्ट होणारा लेप चढवतात. तो वाळला की मजकुराची फिल्म ठेवून तीव्र प्रकाश देतात. उजेड लागलेला लेप घट्ट होतो. काळ्या अक्षरांखालचा मऊ राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. उघड्या राहिलेल्या अक्षरांतून रबरी पट्टीने शाई ओढायची. एका रंगाला एक जाळी. सगळ्यात आधी बुजतात ते हे चार टिंब. जाळी जाड असली तर बुजतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात शाई जाळीतच वाळते म्हणूनही बुजतात. टिंबांशिवाय सलग 'आरएसव्हीपी' छापलं तरी ते तितकंच शुद्ध आहे.

या अक्षरांखाली हवी एक तारीख आणि फोन उचलणाऱ्या एक-दोन माणसांची नावं, नंबरासकट. केटररला ताटांचा आकडा ज्या दिवशी द्यायचा, त्याच्या चार दिवस आधीची तारीख घालावी. राहिलेल्यांना फोन करायला तेवढे दिवस लागतात. उत्तर येणाऱ्याने द्यायचं, न येणाऱ्यानेही. फक्त नकारच कळवायचा असेल तर इंग्रजीत 'रिग्रेट्स ओन्ली' असं वेगळं लिहितात. मराठी पत्रिकेवर तर फ्रेंचची गरजच नाही : 'येणार की नाही, व किती जण, हे अमुक तारखेपर्यंत कृपया कळवावे.' एवढ्या ओळीत सगळं येतं.

तारीख नसली की ताटं अंदाजाने सांगितली जातात. अन्न उरतं, नाहीतर शेवटच्या पंगतीला कमी पडतं.

ही नवी जाळी. मजकुरात तारीख आहे, नंबर दोन आहेत. पहिली प्रत निघतेय.